लग्न झालं म्हणून माहेर तुटत नव्हतं

ट्यूडर-स्टुअर्ट राजांच्या काळातल्या, म्हणजे साधारण सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लंडबद्दलचा एक मजकूर सध्या खूप फिरतोय. त्याचं म्हणणं असं : तिथल्या उमराव घराण्यांतल्या बायका म्हणजे पटावरच्या सोंगट्या. नावावर काही नसायचं, दरबारात त्यांना कुणी विचारत नसे आणि लग्नाच्या दिवशीच माहेर कायमचं तुटायचं. लिहिणाऱ्याला कळवळा आहे, हे मान्य. पण त्या कळवळ्यापायी या बायकांनी आयुष्यभर जे केलं तेच पुसलं गेलंय.

नावावर काही नसायचं, हे अर्धंच खरं. विवाहितेची रोकड, दागदागिने कायद्याने नवऱ्याचे व्हायचे. पण नवऱ्यामागे कोणत्या जमिनीचं उत्पन्न तिला मिळेल, हे लग्नाच्या करारातच लिहून घेतलं जाई. त्याला जॉइंचर म्हणत. असा करार नसेल, तर नवऱ्याच्या जमिनीतला एक तृतीयांश हिस्सा विधवेला हयातभर. बेस ऑफ हार्डविक ही सोळाव्या शतकातली उमराव बाई चार वेळा विधवा झाली आणि लग्नागणिक तिची श्रीमंती वाढत गेली. तिने बांधलेल्या हार्डविक हॉलच्या मनोऱ्यांवर तिची ‘ई. एस.’ (एलिझाबेथ श्रूजबरी) ही आद्याक्षरं आजही दगडात उभी आहेत.

दरबारात विचारत नसत? मग १५३७ सालची लावे पक्ष्यांची गोष्ट पाहा. ऑनर लाइल ही कॉर्नवॉलच्या ग्रेनव्हिल घराण्यातली लेक. दुसरा नवरा कॅलेचा, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या तेव्हा इंग्रजांच्या ताब्यातल्या बंदराचा, कारभारी म्हणून ती तिथे राहायची. आठव्या हेन्रीची राणी जेन सिमोर गरोदर होती आणि तिला लाव्यांचे डोहाळे लागले होते. ऑनरने समुद्रापलीकडून लावे पाठवायचा सपाटा लावला. जुलैत एके दिवशी ते खाता खाता राणीनेच ऑनरच्या मुलींचा विषय काढला. त्या वेळी पानाशी वाढायला कोण होतं? लेडी रटलंड आणि लेडी ससेक्स. ही लेडी ससेक्स ऑनरच्या सख्ख्या बहिणीची मुलगी! दोघींनी शब्द टाकला, दोन्ही मुलींना बोलावणं गेलं आणि त्यांतल्या ॲनला राणीच्या सेवेत जागा मिळाली. मावशी, भाची आणि लावे : माहेरचं नातं असं कामी यायचं. १५४० मध्ये ऑनरच्या नवऱ्याला अटक झाली, घरातली पत्रं जप्त होऊन सरकारी दफ्तरात राहिली, म्हणून हे सगळं आज वाचायला मिळतं.

आता माहेर तुटण्याचा मुद्दा. मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच.

ॲन क्लिफर्ड ही अर्ल ऑफ कंबरलंड या बड्या उमरावाची जिवंत राहिलेली एकुलती मुलगी. १६०५ मध्ये वडील वारले. जहागीर त्यांनी भावाला दिली आणि मुलीसाठी १५,००० पौंड ठेवले. मुलीचाच हक्क आहे, हे दाखवणारे जुने दस्तऐवज तिच्या आईने, मार्गारेट रसेलने, धुंडाळून गोळा केले आणि दावा लावला. ॲनचं लग्न झालं तरी मायलेकी एकत्रच लढत राहिल्या. नवऱ्याला, अर्ल ऑफ डॉर्सेटला, तडजोडीचे पैसे हवे होते. हक्क सोडल्याच्या कागदावर ती सही करत नाही म्हणून १६१६ मध्ये त्याने दोन वर्षांचीही न झालेली लेक तिच्यापासून दूर नेली. तेवढा अधिकार त्याला होता. ते लपवण्यात अर्थ नाही. पण तिने सही केली नाही. पुढच्या वर्षी खुद्द राजा जेम्सने समोर बसवून विचारलं, तरीही नाही. जिवात जीव आहे तोवर वेस्टमोरलंड, म्हणजे माहेरची जमीन, सोडणार नाही, हेच तिचं उत्तर. अखेर १६४३ मध्ये जहागीर सांभाळणारा चुलत भाऊ मागे मुलगा न ठेवता गेला आणि माहेरची जहागीर तिच्याकडे आली. मग म्हातारपणी तिने तिथले पडके किल्ले एकेक करून पुन्हा उभे केले.

२ एप्रिल १६१६ रोजी ब्रूम किल्ल्याजवळच्या रस्त्यावर ॲनने आईचा निरोप घेतला होता. ती शेवटची भेट ठरली. मे महिन्यात आई गेली. चाळीस वर्षांनी, १६५६ मध्ये, ॲनने नेमक्या त्या जागी खांब उभारला. शेजारी एक दगडी मेज ठेवलं आणि दर वर्षी २ एप्रिलला त्या दगडावर गावातल्या गरिबांना चार पौंड वाटावेत, अशी कायमची सोय लावून दिली.