‘एका रात्रीत सुटते’ म्हणणाऱ्या वाचकास

‘स्पष्टवक्ता’ या नावाने लिहिणाऱ्या एका वाचकाची लांबलचक प्रतिक्रिया माझ्या मागच्या लेखावर आली आहे. दारूचं अवलंबित्व हा आजार आहे आणि त्यावर आजारासारखेच उपचार व्हायला हवेत, असं मी त्या लेखात म्हटलं होतं. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गाभा देते:

“बाई, पुस्तकं वाचून दारू कळत नाही. आजार म्हटलं की दारुड्याला आयतं निमित्त मिळतं. माझ्या मामांनी पंचवीस वर्षांची दारू एका रात्रीत सोडली, ना डॉक्टर ना गोळ्या. मनाचा निग्रह लागतो, बस्स. डायसल्फिरामने ओढ कमी होते हे तुम्ही लिहिलंय तेही चूक. आणि घरच्यांनी मार खायचा तो कुणाच्या आजारापायी, तेवढं सांगा.”

याखेरीज बेताने पिण्याचे फायदे, सरकारचा महसूल आणि माझ्या वाक्यांची लांबी यांवरही त्यांची मतं आहेत. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण तीन दिवस भांडी घासताना, गाडीची वाट बघताना मी मनातल्या मनात उत्तरच देते आहे, तेव्हा म्हटलं एकदाचं लिहून टाकावं.

आधी तुमचं बरोबर काय, ते. डायसल्फिरामबद्दल तुमचं बरोबर आहे. ते औषध ओढ कमी करत नाही. यकृत दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं आणि मग ॲसिटेट. पहिलं विषारी, दुसरं निरुपद्रवी. डायसल्फिराम ही दुसरी पायरीच अडवतं, त्यामुळे वरून दारू घेतली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात. माणूस त्या धास्तीने पीत नाही, एवढंच. डेन्मार्कमधले दोन संशोधक ते जंतांवरचं औषध म्हणून स्वतःवर करून बघत होते, दारू घेतल्यावर दोघेही आजारी पडले, आणि १९४८ साली ही गोष्ट प्रसिद्ध झाली. ओढ कमी करायला वापरतात ती नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट. मी दोन वाक्यं जोडताना घोळ घातला होता, तो दुरुस्त केला आहे. आभारी आहे, आणि हे मनापासून म्हणते आहे.

आता ‘बाई’. मी वीस वर्षं शाळेत शिकवलं. ‘बाई, पान सरत नाहीये’पासून ‘बाई, याने मला चिमटा काढला’पर्यंत सगळ्या चालींत ती हाक ऐकली आहे, आणि त्यातल्या एकाही हाकेचा मला राग आलेला नाही. पण तुमची ‘बाई’ वेगळी आहे. ती पुढचा स्वल्पविराम यायच्या आधीच मला खाली बसवते. लेख पुरुषाच्या नावाने आला असता तर तुम्ही ‘सर, थोडं वेगळं मत मांडतो’ अशी सुरुवात केली असती, याबद्दल माझी खात्री आहे. नसेल तसं, तर सोडून द्या. मला नाही सोडता येत.

आणि पुस्तकं वाचून दारू कळत नाही, तर मग कशाने कळते? ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठे सापडलं नाही, म्हणून माझ्यापुरतं सांगते.

आमचे अण्णा घड्याळं दुरुस्त करायचे. खिडकीपाशी टेबल, डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि समोर पांढऱ्या कागदावर मांडलेले मोहरीहून लहान स्क्रू. सकाळी त्यांचे हात थरथरायचे. चिमट्यात धरलेला स्क्रू टेबलावरच्या काचेवर टकटक वाजायचा. मग ते उठून आत जायचे, कपाटाचं दार करकरायचं, आणि वीसेक मिनिटांनी तेच हात दगडासारखे स्थिर. दारूने हात थरथरतात असं लोकांना वाटतं. आमच्याकडे दारूने हात थांबायचे. अवलंबित्व हा शब्द कानावर पडायच्या कितीतरी आधी मी तो त्या काचेवर ऐकला होता.

झोकांड्या खाताना मी त्यांना क्वचितच पाहिलं. दुसरा आडवा होईल एवढी पोटात गेली तरी त्यांचा हिशेब चुकत नसे. ‘त्याला पचते’ असं नातेवाईक चक्क कौतुकाने म्हणायचे. कसली पचते! मेंदूने तिच्याशी जुळवून घेतलं होतं. ग्रिफिथ एडवर्ड्स आणि मिल्टन ग्रॉस या दोन डॉक्टरांनी १९७६ साली अवलंबित्वाची लक्षणं मांडली, त्यात हेच आहे: सहन करायची ताकद वाढत जाते, मिळाली नाही की शरीर बंड करतं, ते बंड शमवायला पुन्हा प्यावं लागतं, पिण्याच्या वेळा ठरून जातात, अनावर ओढ असते, आणि मध्ये सोडून पुन्हा सुरू केली की जुना सगळा डाव थोड्याच दिवसांत जसाच्या तसा मांडला जातो. चारित्र्य नावाचं लक्षण त्यात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१९ साली जगात सुमारे २० कोटी ९० लाख माणसं या अवलंबित्वात होती. एवढ्या सगळ्यांचा निग्रह एकदम कुठे हरवला, ते मामांना विचारून कळवा.

मामांवरून आठवलं. एका रात्रीत अण्णांनीही सोडली होती.

मी अकरावीत होते. घरात मोठं भांडण झालं, अण्णांनी उरलेली बाटली मोरीत ओतली आणि ‘आजपासून बंद’ म्हणाले. तुम्ही म्हणता तो निग्रहच होता, आणि अस्सल होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंगातून घामाच्या धारा, कपडे बदलून बदलून आई दमली. हातच काय, जीभ बाहेर काढायला सांगितली तर तीही थरथरत होती. एक डॉक्टर घरी येऊन पाहून गेले. अण्णांची पाठ थोपटली, ‘शाब्बास, मनावर घेतलंत’ म्हणाले, झोपेची एकही गोळी न देता निघून गेले.

तिसऱ्या रात्री मला जाग आली तर अण्णा अंथरुणावर बसलेले. चादरीवरून दोन बोटांनी काहीतरी उचलत होते. उचलायचं, डोळ्याजवळ न्यायचं, बाजूला ठेवायचं. मी विचारलं, काय करताय? तर म्हणाले, “बॅटरी नीट धर. स्प्रिंग उडालीय.” बॅटरी नव्हती, घड्याळ नव्हतं. मला काही सुचेना, मी तळहात पुढे केला. त्यांनी त्यावर एकेक करून नसलेले स्क्रू ठेवले आणि दटावलं, “मूठ मिटू नको.” मी मिटली नाही. किती वेळ तशी बसले होते आठवत नाही. पहाटेपर्यंत ताप चढला, आईला ओळखेनात, पोलीस आलेत म्हणून दाराला कडी घालायला धावले. शेजारच्या दोघांनी धरून दवाखान्यात नेलं.

याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. थॉमस सटन या इंग्लिश डॉक्टरने हे नाव १८१३ साली दिलं. पुस्तकात आहे, हो. आमच्याकडे येऊन गेलेल्या डॉक्टरांनी ते पुस्तक वाचलं असतं तर ती रात्र माझ्या वाट्याला आली नसती. तेव्हा ‘पुस्तकी’ हा शब्द यापुढे माझ्यासमोर जरा जपून वापरा.

हे होतं कसं? मेंदूत आवरून धरणारं एक रसायन आहे, गाबा, आणि चेतवणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू पहिल्याला बळ देते, दुसऱ्याला दाबते. हे रोज, वर्षानुवर्षं होत राहिलं की मेंदू उलट्या बाजूने जोर लावायला शिकतो. एकच दार दोघं दोन बाजूंनी ढकलत असावेत आणि म्हणून ते जागचं हलू नये, तसं. त्यातला एक जण अचानक बाजूला झाला की दुसरा दारासकट तोंडावर आपटतो. तुमच्या ‘एका रात्रीत’चा अर्थ हा आहे. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर सुरू होते, फिट यायची असेल तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते, आणि अण्णांना झाला तसा भ्रम दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान. सगळ्यांना होत नाही. बहुतेकांचं घाम, थरथर आणि उडालेली झोप यांवर निभावतं. तुमच्या मामांचं निभावलं, आनंद आहे. उपचारांशिवाय सोडणारे पुष्कळ असतात आणि ते मी कुठेही नाकारलेलं नाही. पण रोज भरपूर पिणाऱ्याला, त्यातून पूर्वी एकदा फिट किंवा भ्रम होऊन गेलेल्याला, ‘मर्द असशील तर आजच सोड’ म्हणणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे. उपचार मिळाले नाहीत तर माणूस यात दगावतो.

आणि उपचार काही अचाट नसतात. बेंझोडायझेपिन गटातल्या, म्हणजे चेतलेल्या मेंदूला शांत करणाऱ्या गोळ्या देऊन त्या काही दिवसांत कमी करत आणायच्या, पाणी आणि क्षार सांभाळायचे, आणि बी१ जीवनसत्त्व द्यायचं. अण्णांना सलाईन लावायच्या आधी नर्सने एक इंजेक्शन दिलं होतं. मला वाटलं ताकदीचं असेल. खूप वर्षांनी कळलं की ते बी१ होतं. दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीरात त्याचा साठा संपत आलेला असतो, आणि तशात नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूचं आणखी नुकसान होऊ शकतं: नजर, तोल, पुढे स्मरणशक्तीसुद्धा. त्या नर्सचं नाव मी विचारलं नाही याची चुटपुट अजून आहे.

अण्णा त्यानंतर दोनदा घसरले. शेवटची अकरा वर्षं मात्र प्यायले नाहीत. हात पूर्वीसारखे झाले नाहीत ते नाहीच. मनगटी घड्याळं घेणं त्यांनी बंद केलं आणि भिंतीवरची मोठी तेवढी घ्यायला लागले.

आता उरलेलं पटापट. आयतं निमित्त मिळतं म्हणता. आमच्या घरात आजार हा शब्द आलाच नव्हता तेव्हा पावसाचं निमित्त होतं, पाहुण्यांचं होतं, न आलेल्या पाहुण्यांचंही होतं. आजार म्हटल्यावर निमित्तं कमी झाली, कारण आता तपासणीची तारीख होती, गोळ्यांचा हिशेब होता, आणि दर आठवड्याला डोळ्यांत बघून विचारणारं कुणीतरी होतं.

बेताने पिण्याचे फायदे: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्य माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं, आणि आरोग्याला निर्धोक अशी पिण्याची कुठलीच पातळी सांगता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत म्हटलं. पटत नसेल तर त्यांना ‘बाई’ म्हणून पत्र लिहा. महसुलाचं अर्थखात्याला विचारा. वाक्यांच्या लांबीबद्दल मात्र, साडेसहाशे शब्दांची प्रतिक्रिया लिहिणाऱ्याने बोलू नये.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, घरच्यांनी मार खायचा तो कुणाच्या आजारापायी. लेख उपचारांवर होता, त्यात हा विषय नव्हता. आजार आहे म्हणून हात उगारायची मुभा मी कुठल्या वाक्यात दिली, ते दाखवा. भांडण मोठं झालं होतं एवढंच मी वर लिहिलं आहे, आणि तेवढंच लिहिणार आहे. आई अजून आहे, हे सगळं वाचते.

मामांना माझा नमस्कार सांगा. फक्त त्यांच्या पहिल्या तीन रात्री उशाशी कोण जागं होतं ते एकदा घरात विचारा, आणि पुढची प्रतिक्रिया जमलं तर त्या व्यक्तीला लिहू द्या.