भाच्याचे ३६० हर्ट्झ आणि माझा कोरियन डबा

परवा भाच्याचा फोन. "मामा, तुझा तो मित्र दिवाळीला दुबईहून येतोय ना? ३६० हर्ट्झचा मॉनिटर मागवायचाय. तिकडं स्वस्त पडतो."

(३६० हर्ट्झ म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला ३६० वेळा बदलतं.) मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर पाच मिनिटांत बहिणीचा फोन आला असता. पण गेली अकरा वर्षं मी एक इम्पोर्टेड मॉनिटर सांभाळतोय. वापरतोय नाही, सांभाळतोय. त्यामुळे या विषयावर थोडं बोलायचा हक्क आहे माझा. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

२०१४ साल. आपल्याकडं १४४ हर्ट्झचे मॉनिटर मिळायचे, पण मोजकेच. २४ इंची, फुल एचडी, टीएन जातीचं पॅनेल, म्हणजे पडदा. बाजूनं पाहिलं की माणसं निळी दिसायची, आणि किंमत ऐकून आपण निळे पडायचो. त्याच सुमारास परदेशातल्या गेमर लोकांत कोरियन मॉनिटरांची लाट आली होती. यामाकासी कॅटलीप, क्यूनिक्स क्यूएक्स २७१० असली नावं. २७ इंची, २५६० बाय १४४०, एलजी किंवा सॅमसंगचं पॅनेल, पण पहिल्या प्रतीत न बसलेलं. आपण बाजारात दबका आंबा निम्म्या भावात घेतो तसं. आत स्केलर (चित्र पडद्याच्या मापात बसवणारी चिप) नाही, मेनू नाही, एचडीएमआय नाही. मागं केबल लावायला एकच, जुन्या धाटणीचं ड्युअल-लिंक डीव्हीआयचं सॉकेट. विकताना ६० हर्ट्झ म्हणून विकायचे, पण नशीब चांगलं असेल तर ओव्हरक्लॉक होऊन (ठरल्यापेक्षा जास्त पळवून) ९६, ११०, १२०पर्यंत जायचा. किंमत तीनशे डॉलरच्या आसपास.

मी त्याच जातकुळीतला एक घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही. बिचारी काय उत्तर द्यायला येणार आहे!

ऑफिसातला मित्र तेव्हा सोलला ऑनसाइट होता, त्यानं खोकं सोबत आणलं. मुंबई विमानतळावर त्याला बाजूला घेतलं. कारण असं, की २०१३च्या ऑगस्टपासून परदेशातून आणलेल्या फ्लॅट टीव्हीवरची ड्युटी-फ्री सवलत सरकारनं काढून टाकली होती. रुपया घसरत होता आणि लोक बँकॉक-दुबईहून टीव्ही काखोटीला मारून आणत होते. तेव्हा टीव्ही म्हटला की थेट ३६.०५ टक्के ड्युटी. मॉनिटर म्हटला तर तेव्हाच्या ४५ हजारांच्या सवलतीत बसणार.

"टीव्ही आहे?"

"नाही सर, मॉनिटर आहे."

"रिमोट कुठंय?"

"रिमोट येतच नाही सर."

खोकं उघडायला लावलं. साहेबांनी मागची बाजू बोटानं चाचपली. अँटेनाचं भोक नाही, एचडीएमआय नाही, नुसतं ते एक पांढरं रुंद सॉकेट. शेवटी म्हणाले, "यात काहीच लागत नाही, मग आणलं कशाला?" आणि सोडून दिलं. त्या मॉनिटरवर इतकी नेमकी टीका पुढं कुणीच केली नाही.

घरी लावला. पहिल्याच संध्याकाळी खाली उजवीकडं एक डेड पिक्सेल दिसला. काळा, मोहरीएवढासुद्धा नाही, पण एकदा दिसला की दुसरं काही दिसेना. परत पाठवायचा म्हटलं तर कुरिअरलाच निम्मी किंमत गेली असती. ठेवला.

मग ओव्हरक्लॉकिंग. २५६० बाय १४४०ला ६० हर्ट्झवर साधारण २४१ मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक (ठिपके पाठवायचा वेग) लागतो, आणि ड्युअल-लिंक डीव्हीआयची कागदावरची हद्द ३३०. म्हणजे ९६ मागितले की हद्द ओलांडलीच. त्यासाठी ड्रायव्हर पॅच करायचा, कस्टम रिझोल्यूशन तयार करायचं आणि देवाचं नाव घेऊन एंटर दाबायचं. १२०ला हिरव्या आडव्या रेघा. जाड केबल आणली, रेघा विरळ झाल्या, गेल्या नाहीत. ११०ला चालला, पण सगळं चित्र गडद, जणू घरातला व्होल्टेज उतरलाय. ९६ला बसला एकदाचा. आणि ९६ हा आकडा काय गोड आहे! सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. ६०ला त्याचा भाग जात नाही, त्यामुळे कॅमेरा आडवा फिरताना चित्र किंचित अडखळतं. ९६ म्हणजे चौपट. प्रत्येक चित्र चार वेळा, हिशेब चोख.

गेममध्ये काय झालं ते एका उदाहरणानं सांगतो. समजा एक शत्रू १९२० पिक्सेलचा पडदा एका सेकंदात पार करतोय. ६० हर्ट्झला तो दर चित्राला ३२ पिक्सेलची उडी मारतो. १४४ला १३ पिक्सेलची, ३६०ला पाचेक पिक्सेलची. एलसीडी प्रत्येक चित्र पुढचं येईपर्यंत धरून ठेवतो आणि आपला डोळा मात्र सरकत राहतो, म्हणून तेवढी उडी आपल्याला धूसरपणा म्हणून दिसते. जुन्या सीआरटीत ही भानगड नव्हती, त्याचं चित्र लुकलुकून विझायचं. नेट कॅफेत ताशी वीस रुपये देऊन काउंटर-स्ट्राइक १.६ खेळलेल्यांना आठवत असेल, त्या ढोल्या डब्यांवर माणूस पळताना कसा स्वच्छ दिसायचा. ते ८५ हर्ट्झ होते राव! आपण एलसीडी घेतला, टेबलावर जागा झाली आणि हर्ट्झ गमावले. दहा वर्षं कुणाला पत्ता नव्हता.

तर हर्ट्झ दिसत नाहीत, सगळं मार्केटिंग आहे, असं म्हणणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे. दिसतात. पण ठळक दिसते ती पहिली उडी, ६०वरून १४४ची. ६०ला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ला ६.९. दहाएक मिलिसेकंद वाचले. १४४वरून ३६०ला गेलं की वाचतात चार. रोज आठ तास स्पर्धेची प्रॅक्टिस करणाऱ्या पोरांना ते चार कामाला येतात, मी नाकारत नाही. माझा भाचा बारावीला आहे. त्याच्या खोलीत वायफाय दोन भिंतींपलीकडून येतं, आणि स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह लागला की पिंग (गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) तीसचं नव्वद होतं.

आता सांभाळण्याबद्दल. २०१७च्या मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, दोनदा लाइट गेली-आली आणि मॉनिटरचा चोवीस व्होल्टचा अडॅप्टर गेला. वॉरंटी सोलला, मी पुण्यात. तापकीर गल्लीत चार दुकानं फिरलो. पाचव्यानं अडॅप्टरची पिन उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "हे कुठल्या मशीनचं?" मॉनिटरचं म्हटल्यावर हसला. दुसरा अडॅप्टर घेऊन त्याला जुनी पिन डाग देऊन लावून दिली. साडेसहाशे रुपये. आठ वर्षं झाली, तोच चालतोय. वर गुंडाळलेली काळी चिकटपट्टी उन्हाळ्यात पाघळते, मी दर वर्षी नवी लावतो.

खरा घाव मात्र ग्राफिक्स कार्डानं घातला. डीव्हीआय हळूहळू मेला. एनव्हिडियाच्या कार्डांची आरटीएक्स ३० मालिका येईपर्यंत जवळजवळ सगळ्या कार्डांवरून ते सॉकेट गेलं होतं. नवं कार्ड घेतलं आणि या मॉनिटरला जोडायला जागाच नाही. डिस्प्लेपोर्टवरून (नव्या कार्डांवरचं सॉकेट) ड्युअल-लिंक डीव्हीआय करणारा अडॅप्टर मिळतो, साधा नाही, यूएसबीची पॉवर खाणारा. पण तो ३३०च्या हद्दीत राहतो. म्हणजे कार्ड तिप्पट ताकदीचं आणि मॉनिटर ९६वरून पुन्हा साठीला. साठी शांती म्हणा!

म्हणून माझं मत असं, की २०१४ला मी केलं ते बरोबर होतं, कारण इथं पर्यायच नव्हता. आज इथल्या दुकानात दहा-बारा हजारांत १६५-१८० हर्ट्झचा आयपीएस (बाजूनंही रंग नीट दाखवणारा) मॉनिटर मिळतो, बहुतेकांवर तीन वर्षांची वॉरंटी, बिघडला तर माणूस घरी येतो. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवरचा जीएसटी २०१९च्या जानेवारीतच २८चा १८ झाला. दुबईहून आणून चार पैसे वाचतील, पण वाटेत पॅनेलला चीर गेली तर नवं पॅनेल जवळपास मॉनिटरच्याच किमतीत पडतं. मित्राचे उपकार वेगळेच. सोलवाला अजून दर गटगला त्या खोक्याची आठवण काढतो.

हे सगळं भाच्याला समजवायला रविवारी बहिणीकडं गेलो. त्याच्याकडं दोन वर्षांपासून १४४ हर्ट्झचा मॉनिटर आहे, इथंच घेतलेला. म्हटलं, आधी हा काय करतो ते बघू. माउस हलवला आणि मला शंका आली. अकरा वर्षं ९६ आणि ६०च्या मधे काढली आहेत, डोळ्याला कळतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधे गेलो, खाली ॲडव्हान्स्ड.

६० हर्ट्झ.

दोन वर्षं! विंडोज कित्येकदा आपणहून साठवरच थांबतं, बदलावं लागतं. यानं कधी ते पान उघडलंच नव्हतं. १४४ केलं, माउस गोल फिरवून दाखवला. पोरगा गप्प. मग व्हॅलोरंट लावलं, दोन राउंड खेळला आणि म्हणाला, "मामा, कुणीतरी तेल घातल्यासारखं वाटतंय." थोड्या वेळानं हळूच, "आईला सांगू नको हां."

नाही सांगितलं. (ताई, तू फेसबुकवर नाहीस म्हणून इथं लिहितोय.)

माझा कोरियन डबा आता हॉलमधे जुन्या पीसीला जोडलाय. जुनं कार्ड, जुनं डीव्हीआय, त्यामुळे पुन्हा ९६ला चालतो. त्यावर आई रोज दुपारी यूट्यूबवर कीर्तन बघते. बुवांच्या पांढऱ्या धोतरावर तो डेड पिक्सेल येतो. आई उठते, पदराचं टोक ओलं करते आणि तेवढा ठिपका पुसून परत बसते.