सेल्फ मारला की ‘टक’

जुन्या मोटरसायकलची किक पायाने मारायची असते आणि सेल्फ चारचौघांसमोर. बाजाराच्या दिवशी पानठेल्यापुढे बटन दाबलं आणि गाडीतून नुसतं ‘टक’ आलं, की ठेल्यावरचे सगळे जाणकार एकदम जागे होतात. ‘बॅटरी गेली बाप्पा!’ हे पहिलं निदान. ‘पेट्रोल हाये ना?’ हे दुसरं. तिसरा काहीच बोलत नाही, सरळ येऊन स्वतःच बटन दाबतो. गाडी मालकावर रुसली असेल, पण आपल्या अंगठ्याचा मान ठेवील, असा त्याचा विश्वास.

या गर्दीत माझं म्हणणं एवढंच, की आधी आवाज ऐका. पाना मागाहून.

एकच ‘टक’ आला म्हणजे रिले (बटनाच्या बारीक करंटवर मोटरचा जाड करंट जोडणारा स्विच) ओढतोय, पण सेल्फची मोटर फिरत नाही. ‘टर्रर्र’ असा सलग आवाज आला तर रिले धरतो, मोटरने करंट ओढताच व्होल्ट कोसळतात, रिले सुटतो, व्होल्ट पुन्हा वर येतात, रिले पुन्हा धरतो. म्हणजे बॅटरी उतरली आहे किंवा तिचं टर्मिनल ढिलं आहे. मोटर ‘घुंईं’ करून मजेत फिरते आणि इंजिन ढिम्म, तर वायरिंगला हात लावू नका. तो मोटरची फिरकी इंजिनला देणारा वन-वे क्लच घसरतोय; त्याला मिस्त्री वेगळा आणि पैसेही वेगळे. आणि काहीच आवाज नाही, तर त्याकडे शेवटी येऊ.

‘टक’वाल्यांनी बटन दाबताना मीटरवरच्या न्यूट्रलच्या हिरव्या दिव्याकडे पाहावं. हेडलाइटकडे नको, बऱ्याच जुन्या गाड्यांचा हेडलाइट इंजिन चालू असल्याशिवाय लागतच नाही, आणि त्यावरून बॅटरीला दोष देणारे महाभाग गावोगावी आहेत. हिरवा दिवा विझायला आला तर करंट ओढला जातोय, पण पुरवठा कमी पडतोय किंवा मोटर अडकली आहे. दिवा तसाच टकटकीत राहिला तर करंट मोटरमधून जातच नाही. मग संशय रिलेच्या जळक्या काँटॅक्टवर नाहीतर मोटरच्या कारबनवर, म्हणजे तिच्या फिरत्या भागाला करंट देणाऱ्या ब्रशांवर.

बॅटरी मात्र आधी तपासायचीच, निदान पानठेल्याचं समाधान म्हणून. व्होल्ट मोजायला दोनतीनशे रुपयांचा साधा मल्टीमीटर चालतो. डीसी २० वर ठेवा. गाडी काही तास उभी असताना १२.६ च्या वर दाखवलं तर भरलेली, १२.४ ला पाऊण, १२ ला जवळपास रिकामी. पण खरी परीक्षा बटन दाबल्यावर. तेव्हा १० च्या खाली गेली तर ती बॅटरी नुसती अंकाला भरलेली आहे, अंगात काही नाही. गाडी सुरू करून रेस दिल्यावर १४ ते १४.५ दिसले पाहिजेत. नाही दिसले तर नवी बॅटरीही पंधरा दिवसांत जुनीसारखी वागेल, कारण दोष चार्जिंगचा आहे.

पाण्याची बॅटरी असेल तर आपल्याकडच्या मे महिन्यात ४५ डिग्रीला तिचं पाणी कुठे जातं हे वेगळं सांगायला नको. फक्त भरताना डिस्टिल्डच भरा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी पिकाला चालत नाही, ते बॅटरीला कुठून मानवणार?

मल्टीमीटर नसेल तर ट्रॅक्टर असतोच. ट्रॅक्टर बंद ठेवून त्याच्या १२ व्होल्टच्या बॅटरीचं प्लस गाडीच्या प्लसला आणि मायनस गाडीच्या इंजिनच्या धातूला लावा. सेल्फ फिरला तर दोष बॅटरीचा किंवा तिच्या मायनस वायरचा. तरीही ‘टक’च आलं, तर नव्या बॅटरीचे पैसे खिशात ठेवा.

आता जिथे सगळे फसतात ती जागा. ‘हॉर्न तं जोरात वाजून राह्यला, म्हणजे करंट हाये!’ हा युक्तिवाद मी अनेक पारांवर ऐकला आहे आणि तो पटतोही. गोम अशी, की हॉर्न दोनतीन अँपिअर खातो आणि सेल्फची मोटर पन्नास. मायनसची वायर जिथे इंजिनला कसली आहे तिथे गंज, चिखल आणि तेल मिळून ०.०४ ओमचा अडथळा झाला, तर हॉर्नचा जेमतेम ०.१ व्होल्ट जातो. त्याला पत्ताही लागत नाही. मोटरचे मात्र दोन व्होल्ट तिथेच जिरतात. मल्टीमीटर ओमवर लावून हे सापडत नाही, एवढा बारीक आकडा त्याला दिसत नाही. म्हणून व्होल्टवरच ठेवायचा. एक सळई बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खांबावर (वायरच्या चापावर नव्हे), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कोणाला तरी सेल्फ दाबायला सांगायचं. ठेल्यावरचा तिसरा माणूस इथे कामी येतो. आकडा ०.२-०.३ च्या आत पाहिजे. जास्त आला तर अर्थिंगचा, म्हणजे याच मायनस वायरचा बोल्ट खोला, सॅंडपेपरने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत करा, आवळा. तसंच बॅटरीच्या प्लसपासून मोटरच्या बोल्टपर्यंत मोजा. सगळं मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाणी आणि खायच्या सोड्याने निघते. वरून व्हॅसलीन. मेकॅनिकला हा आजार फारसा आवडत नाही, कारण यात विकायला पार्ट नसतो.

सेल्फ पाच सेकंदांच्या वर दाबून धरायचा नाही, आणि मध्ये पंधरा-वीस सेकंद दम घ्यायचा. बटनावर राग काढला की मोटरची वाइंडिंग जळते.

रिले तपासायची गावठी पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे: मुठीचा जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन रिलेचे दोन जाड बोल्ट जोडायचे. ठिणगी पडते, पोरं टाळ्या वाजवतात. गाडी न्यूट्रलला आहे हे आधी स्वतः पाहा, दुसऱ्याच्या शब्दावर नको. गियरमध्ये असली तर ती ठेल्यात शिरते. पेट्रोल गळत असेल तर हा प्रयोगच नको. असं जोडल्यावर मोटर फिरली तर मोटर निर्दोष, गुन्हेगार रिले. फिरली नाही तर मोटरला लाकडी दांड्याने हलकेच थापटून परत पाहा. थापटल्यावर फिरली म्हणजे आत कारबन अडकतोय किंवा संपलाय.

मोटर काढायच्या आधी बॅटरीचं मायनस सोडा. झाकण आणि बॉडीवर खिळ्याने एक आडवी रेघ मारा, परत तशीच बसवता येईल. आत दोन कारबन, त्यामागे स्प्रिंगा आणि काळी भुकटी. कारबन निम्म्याहून जास्त झिजले असतील तर दोन्ही बदला. कारबन जिथे घासतात त्या तांब्याच्या पट्ट्या बारीक सॅंडपेपरने पुसा. एमरी नको, तिचे कण पट्ट्यांमधल्या खाचेत अडकतात. शेजारच्या दोन पट्ट्यांत मल्टीमीटरने बीप दिला पाहिजे, पट्टी आणि शाफ्टमध्ये अजिबात नाही. दिला तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग गेला.

राहिली ती संपूर्ण शांतता. मीटरवरचा दिवा नीट लागत असेल तर तिथे जाड वायरींचा सहसा संबंध नाही. फ्यूज, बटनातली धूळ, क्लचचा स्विच, न्यूट्रलचा स्विच, एवढाच कारभार. इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडून टेस्ट लॅम्प करा आणि बटन दाबून रिलेच्या दोन बारीक वायरींमध्ये लावा. पेटला आणि रिले तरी गप्प, तर रिले मेला. पेटला नाही तर मागे मागे जा. वाटेत म्युझिकल हॉर्न, एलईडी पट्टी आणि मोबाइल चार्जरचे पिळून टेप गुंडाळलेले जोड लागतील, तिथे थोडं जास्त थांबा.

सगळं बसवून, सीट लावून झाल्यावर फरशीवर एक वॉशर उरलेला दिसतोच. तो काळा फायबरचा असेल तर मोटरच्या बोल्टचा आहे. त्याच्याशिवाय बोल्ट बॉडीला टेकून थेट शॉर्ट होतो, तेव्हा मुकाट्याने पुन्हा उघडा. लोखंडी असेल तर बहुतेक शेजारच्या फवारणी पंपाचा असेल. विचारून घ्या.