‘लॅपटॉपवरून दोन कमांड मारा, सीआय कशाला?’ म्हणणाऱ्यांसाठी

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय, मला तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला, त्यातल्या एकाने खाली ‘हे तुझ्यासाठी’ असं लिहून. थोडक्यात म्हणणं असं: पाच-सात जणांच्या टीमने सीआयमधून (म्हणजे लॅपटॉपऐवजी गिटहबसारख्या सेवेच्या मशीनवर आपोआप) डॉकर इमेज (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र भरलेला डबा) बिल्ड करणं हा निव्वळ शोबाजीचा प्रकार आहे. लॅपटॉपवर डॉकर बिल्ड, मग डॉकर पुश (इमेज रजिस्ट्रीत, म्हणजे ऑनलाइन कोठारात, चढवणं), काम खल्लास. सीआय स्लो, डॉकरफाइल (इमेज बनवायची कृती) एकच तर इमेज पण एकच येणार, लेटेस्ट टॅग (इमेजवरची नावाची चिठ्ठी) पुरतो, सीआयमध्ये पासवर्ड ठेवणं धोक्याचं, फुकटचे मिनिटं संपतात, आणि सेटअपमध्ये आठवडा जातो. वर शेवटी हसणारा इमोजी.

आता यातलं सगळंच चूक आहे असं नाही म्हणणार मी, एकदोन मुद्दे खरे आहेत आणि ते आधीच मान्य करतो. पण बाकीचं ज्याने लिहिलंय त्याला गणपतीत रात्री साडेअकराला सर्व्हर बघायची वेळ आलेली दिसत नाही.

पहिला मुद्दा, सीआय स्लो आहे. हो, आहे, तुम्ही काहीच केलं नाही तर आहेच. गिटहब ॲक्शन्स या गिटहबच्या सीआयचा रनर (बिल्ड चालवणारं मशीन) दरवेळी कोरा मिळतो, मागच्या बिल्डचं काहीही त्याच्याकडे नसतं, त्यामुळे एनपीएम इन्स्टॉल (लागणारी पॅकेजेस उतरवणं) पहिल्यापासून. लॅपटॉपवर तेच लेअर (डॉकरफाइलच्या एकेका ओळीचा निकाल) कॅशमधून, म्हणजे आधीच्या साठ्यातून, येतात म्हणून तुम्हाला वाटतं लॅपटॉप फास्ट. पण बिल्ड-पुश ॲक्शनमध्ये (सीआयमध्ये वापरायची तयार पायरी) कॅश-फ्रॉम आणि कॅश-टू या दोन ओळी टाकल्या, टाइप जीएचए ठेवला आणि मोड मॅक्स केला, की मधल्या स्टेजचे (बिल्डच्या टप्प्यांचे) लेअर पण साठवले जातात. मोड मॅक्स नाही लिहिलं तर फक्त शेवटच्या स्टेजचे लेअर साठतात, आणि मल्टी-स्टेज डॉकरफाइल असेल तर सगळं जड काम पहिल्या स्टेजमध्येच असतं, म्हणजे कॅश लावून पण काही फरक पडत नाही आणि माणूस म्हणतो ‘बघ, मी लावला होता कॅश, काय उपयोग’. अजून एक गोची, डॉकरफाइलमध्ये रनच्या आत जो कॅश माउंट लावतो ना, तो या कॅशमध्ये जात नाही. मी स्वतः यावर अर्धा दिवस घालवलाय. आणि पॅकेज-लॉकची फाइल आधी कॉपी करा, मग इन्स्टॉल, मग बाकीचा कोड, हे उलटं लिहिलं असेल तर जगातला कुठलाही कॅश तुम्हाला वाचवणार नाही, लॅपटॉपवर सुद्धा. आमचं एक बिल्ड साडेसात मिनिटांवरून अडीचवर आलं ते फक्त एवढ्यानेच.

आणि पुशचं काय? ९०० एमबीची इमेज घरच्या ब्रॉडबँडवरून वर चढवताना बघितलंय का कधी, डाउनलोड चांगला असतो, अपलोड विचारू नका. त्या वेळाचा हिशेब मेसेजमध्ये कुठेच नाही.

दुसरा मुद्दा माझ्या मते सगळ्यात घातक: ‘डॉकरफाइल एकच, म्हणजे इमेज एकच’. नाही हो. डॉकरफाइल ही रेसिपी आहे, डबा नाही. फ्रॉम नोड २० (आपली इमेज ज्या बेस इमेजवर चढते तिची ओळ) लिहिलं की तो टॅग आज एका इमेजकडे बोट दाखवतो, महिन्याने दुसऱ्या. तुमच्या लॅपटॉपवर चार महिन्यांपूर्वी ओढलेली बेस इमेज पडलेली आहे, शेजारच्याकडे कालची. एपीटी-गेट अपडेटची (सिस्टिमची पॅकेज यादी ताजी करणारी) ओळ बदलली नाही म्हणून तो लेअर कॅशमधून उचलला जातो, म्हणजे मधल्या काळात आलेले सिक्युरिटी पॅच तुमच्या इमेजमध्ये नाहीतच. (प्रामाणिकपणे सांगायचं तर सीआयमध्ये कॅश लावला की हा प्रॉब्लेम तिथेही येतो. म्हणून आम्ही दर रविवारी रात्री एक बिल्ड विनाकॅश शेड्यूल केलंय.)

मग प्रोसेसर. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ॲपलने एम-१ आणला आणि तेव्हापासून अर्ध्या टीमचे लॅपटॉप आर्म जातीच्या प्रोसेसरचे झाले, सर्व्हर मात्र बहुतेकांचे अजून एएमडी-६४ (इंटेल-एएमडीवाले). मॅकवर साधं डॉकर बिल्ड केलं की आर्मची इमेज तयार होते, पुश बिनबोभाट होते, आणि सर्व्हरवर कंटेनर (चालू केलेली इमेज) उठतो तो ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ म्हणून लगेच पडतो. किंवा ओढतानाच ‘नो मॅचिंग मॅनिफेस्ट’ (या प्रोसेसरची इमेजच नाही). प्लॅटफॉर्म लिहून दिला की सुटतं, मान्य, पण मग ते मॅकवर इम्युलेशनमधून (एका प्रोसेसरने दुसऱ्याचं सोंग घेऊन) चालतं, आणि प्रत्येकाने प्रत्येक वेळी ते आठवणीने लिहायचं. माणसाच्या आठवणीवर प्रॉडक्शन चालवू नये. सीआयमध्ये दोन्ही प्लॅटफॉर्म एकदा यॅमलमध्ये (सीआयच्या सेटिंग फाइलमध्ये) लिहिले की विषय संपला. तिथेही क्यूईएमयूवर (हेच सोंग घेणाऱ्या प्रोग्रामवर) आर्म बिल्ड रडतखडत चालतं हे खरं, पण पब्लिक रेपोंना (गिटहबवरच्या खुल्या प्रोजेक्टांना) २०२५ पासून गिटहबने फुकट आर्म रनर दिलेत, तिथे इम्युलेशनची गरजच नाही.

पण खरा किस्सा वेगळाच. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होतो, तिथे सगळं हेच दोन कमांडवालं चालायचं. आमच्यातल्या एकाने पेमेंटच्या कॉलबॅकमधला एक बग शोधला, दोन ओळी बदलल्या, लॅपटॉपवरून बिल्ड करून लेटेस्टवर पुश केलं, चाललं. कमिट मात्र केलं नाही (म्हणजे बदल गिटच्या नोंदवहीत टाकला नाही), ‘आल्यावर करतो’ म्हणून पठ्ठ्या गणपतीला गुहागरला गेला. तिसऱ्या दिवशी मी मेनवरून (गिटमधल्या मुख्य शाखेवरून) काहीतरी किरकोळ, बटणाचा रंग वगैरे, बदलून बिल्ड केलं आणि पुश केलं. त्याच्या दोन ओळी गायब, जुना बग परत जिवंत. आम्ही रात्री दोन वाजेपर्यंत गिटमध्ये शोधतोय की हे परवापर्यंत चालत कसं होतं, कारण गिटप्रमाणे ते कधी चालायलाच नको होतं! त्याचा फोन लागेना, घर डोंगराच्या कुशीत, रेंज फक्त विहिरीजवळ. शेवटी पहाटे आरतीच्या आधी तो विहिरीकडे आला आणि त्याने तोंडी दोन ओळी सांगितल्या. फोनवर. कॉमासकट.

तर तिसरा मुद्दा, ‘लेटेस्ट पुरतो’, त्याला उत्तर हेच आहे. लेटेस्ट म्हणजे ‘सगळ्यात नवीन’ असा काही नियम नाही, टॅग दिला नाही तर डॉकर जे नाव चिकटवतो ते हे, बस. कालची इमेज कुठली होती हे त्यावरून कळत नाही, मग मागे जायचं तरी कुठे? सीआयमध्ये मेटाडेटा ॲक्शन लावला की कमिटच्या हॅशचा (न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाचा) टॅग लावता येतो, रिलीज टॅग केला तर १.४.२ असा व्हर्जनचा पण, आणि इमेजवर रिव्हिजन नावाचं लेबल बसतं ज्यात पूर्ण कमिट असतो. सर्व्हरवर डॉकर इन्स्पेक्ट मारलं की दिसतं कुठल्या कमिटची इमेज चालू आहे. त्या रात्री आमच्याकडे ते लेबल असतं तरी गेलेल्या दोन ओळी परत आल्या नसत्या हे खरं, पण सीआय असता तर कमिट न केलेला कोड इमेजमध्ये शिरलाच नसता, कारण रनर फक्त गिटमधलं उचलतो. वेग वगैरे ठीक आहे, मला सीआय हवा तो या एका कारणासाठी.

चौथा, पासवर्ड. मेसेजमध्ये मार्च २०२५ च्या टीजे-ॲक्शन्सच्या प्रकरणाचा दाखला दिलाय आणि तो दाखला खोटा नाही. चेंज्ड-फाइल्स नावाचा तो ॲक्शन सुमारे २३ हजार रेपो वापरत होत्या, कुणीतरी त्याचे जुने टॅग उचलून वाईट कमिटवर नेऊन ठेवले आणि लोकांची सिक्रेट्स बिल्डच्या लॉगमध्ये छापली गेली. पण नीट बघा, फसले ते टॅगवर भरवसा ठेवणारे. ज्यांनी ॲक्शन आधीच्या पूर्ण कमिट हॅशने बांधला होता त्यांच्या बिल्डमध्ये ते टॅग हलवल्याने काही बदललं नाही. म्हणजे हा परत ‘टॅग हलतो’ याचाच धडा, जो लेटेस्टवाल्यांनी सगळ्यात आधी घ्यायला हवा.

आणि लॅपटॉप सुरक्षित? डॉकर लॉगिन केल्यावर क्रेडेन्शियल हेल्पर (पासवर्ड जपणारा प्रोग्राम) नसेल तर पासवर्ड कॉन्फिग जेसनमध्ये बेस-६४ करून ठेवला जातो. बेस-६४ म्हणजे कुलूप नव्हे, पदर आहे. पाच लॅपटॉप, पाचांवर पुशचे हक्क, त्यातला एक रिक्षात विसरला की झालं. सीआयमध्ये गिटहबच्या रजिस्ट्रीला पुश करायला वेगळा पासवर्ड लागतच नाही, त्या जॉबपुरतं टोकन मिळतं, पॅकेजेसला राइट एवढीच परवानगी द्यायची, जॉब संपला की टोकन मेलं. एडब्ल्यूएस असेल तर ओआयडीसी (दर वेळी तात्पुरती परवानगी देणारी पद्धत) लावा, कायमची की ठेवायचीच नाही. फोर्कवरून (दुसऱ्याने केलेल्या रेपोच्या प्रतीवरून) आलेल्या पुल रिक्वेस्टवर (बदल घ्या या विनंतीवर) फक्त बिल्ड करा, पुश नको.

शिवाय इमेजच्या आत काय जातंय ते? कॉपी डॉट डॉट (अख्खं फोल्डर आत घे) लिहिलंय, डॉकरइग्नोर (काय वगळायचं त्याची यादी) नाही, आणि फोल्डरमध्ये डॉट ईएनव्ही (पासवर्ड वगैरेंची फाइल) पडलेली, गेली आत. पुढच्या ओळीत डिलीट केली तरी खालच्या लेअरमध्ये ती बसलेली असते. सीआयच्या कोऱ्या चेकआउटमध्ये ती फाइल नसतेच, कारण ती गिटइग्नोरमध्ये आहे (असावी!). इमेजमधून क्रेडेन्शियल निसटणं म्हणजे काय हे कोडकोव्ह या टेस्ट कव्हरेज मोजणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये भोगलंय, त्यांच्या डॉकर इमेज बनवण्याच्या प्रक्रियेतल्या चुकीमुळे कुणाच्यातरी हाती की लागली, त्याने त्यांची अपलोडर स्क्रिप्ट बदलली आणि ती ३१ जानेवारीपासून एप्रिलपर्यंत लक्षातच आली नाही. बिल्डला टोकन लागतच असेल तर आर्गमध्ये (बिल्डला बाहेरून द्यायच्या मूल्यात) देऊ नका, डॉकर हिस्टरीत दिसतं, सिक्रेट माउंट वापरा.

पैशाचं पटकन उरकतो. गिटहबच्या फ्री प्लॅनमध्ये प्रायव्हेट रेपोंना महिन्याला २००० मिनिटं. दिवसाला १० बिल्ड, तीन तीन मिनिटं, २२ दिवस, झाले ६६०. ‘फुकटचं कधीही बंद होतं’ हे मात्र खरं, डॉकर हबने क्रिप्टो मायनिंगवाल्यांच्या त्रासाला कंटाळून २०२१ मध्ये फुकटचे ऑटोबिल्ड बंद केलेच होते. पण तेव्हाही डॉकरफाइल तीच राहिली, फक्त बिल्ड दुसरीकडे हलवावं लागलं.

राहिला ‘आठवडा जातो’ हा मुद्दा. गुहागर प्रकरणानंतर मीच बसलो करायला. पहिल्यांदा लाल झालं कारण रेपोच्या नावात एक अक्षर कॅपिटल होतं आणि इमेजचं नाव सगळं स्मॉलमध्येच लागतं. दुसऱ्यांदा लाल, पॅकेजेसची राइट परवानगी लिहिली नव्हती. तिसऱ्यांदा हिरवं झालं पण सर्व्हर इमेज ओढेना, कारण नवीन पॅकेज आपोआप प्रायव्हेट असतं आणि सर्व्हरवर लॉगिनच केलेलं नव्हतं. नंतर रजिस्ट्रीत एका इमेजखाली ‘अननोन स्लॅश अननोन’ अशी भलतीच प्लॅटफॉर्म दिसली आणि जीव खाली-वर झाला, ती बिल्डएक्स (डॉकरचं बिल्ड टूल) आपोआप जोडतो त्या प्रोव्हेनन्सची (इमेज कशी बनली त्याची) नोंद निघाली, म्हणजे काळजीचं काही नव्हतं. फाइल झाली ३८ ओळींची, वेळ लागला पावणेतीन तास, त्यात जेवण आणि दोन चहा धरून.