संगणक कक्ष बांधण्यापूर्वी बडोद्यातच झालेला प्रयोग विचारात घ्यावा

आमच्या जुन्या मराठी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेला संगणक कक्ष बांधून देण्याचा बेत केला आहे. बडोद्यात मराठी माध्यमाच्या शाळांचा पट वर्षागणिक घटत असताना आपल्या शाळेसाठी खिशात हात घालावासा कुणाला वाटतो, याचा मला मनापासून आनंद आहे. मी या शहरात बरीच वर्षे सहावी ते आठवीच्या वर्गांना गणित शिकवले. त्या नात्याने या बेताविषयीचे माझे मत येथे सविस्तर मांडते. यंत्रे कमी घ्यावीत, ती कुलूपबंद खोलीत न ठेवता वर्गात ठेवावीत, आणि वाचलेला पैसा त्या यंत्रांवर मुलांकडून काम करून घेणाऱ्या माणसावर खर्च करावा, असे मला वाटते.

या मताला माझ्या अनुभवापेक्षा भक्कम असा आधार आहे आणि तो आपल्याच गावातला आहे. तरीही शिक्षकांच्या किंवा पालकांच्या बैठकांत त्याचा उल्लेख मी क्वचितच ऐकला, याचे वाईट वाटते. २००० साली गुजरात सरकारने बडोदा महानगरपालिकेच्या १०० प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. जून २००२ मध्ये मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या ‘प्रथम’ या संस्थेने पाहणी केली, तेव्हा त्यांतले फारच थोडे संगणक प्राथमिक वर्गांतील मुलांच्या हाती पडत असल्याचे आढळले. यंत्रे शाळांपर्यंत पोहोचली होती, पण मुलांपर्यंत पोहोचली नव्हती.

त्यानंतर याच यंत्रांवर एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने काही शाळा निवडून तेथील चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ देण्यात आले. त्यांतला एक तास शाळेच्या वेळेतला होता, तर दुसरा शाळेआधी किंवा शाळा सुटल्यावर. एका यंत्रापुढे दोन मुले बसत. मुलाला जसे जमेल तशी पुढच्या उदाहरणाची काठिण्यपातळी बदलत असे, आणि खोलीत वस्तीतलाच एक प्रशिक्षित तरुण किंवा तरुणी मुलांच्या मदतीला असे. या प्रयोगाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्तेर द्युफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन यांनी केला, आणि तो २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी पहिल्या दोघांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या वर्षी गणितातली वाढ ०.३५ आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत, त्याचे माप) इतकी भरली. शिक्षकांच्या भाषेत सांगायचे तर, शंभर मुलांना गुणानुक्रमे उभे केले असता जो मुलगा बरोबर मध्यावर असता, तो दुसऱ्या वर्षाच्या वाढीने खालून साधारण ६८व्या जागी जाऊन पोहोचतो. प्राथमिक शाळेत एवढा फरक पाडणारे उपाय फार थोडे आहेत.

यंत्रे तीच होती, हे येथे ध्यानात घ्यावे. त्यांना वेळापत्रकात जागा मिळाली, मुलांच्या अभ्यासक्रमाशी जुळणारे काम मिळाले आणि लक्ष ठेवणारे माणूस मिळाले.

या अभ्यासातल्या ज्या भागाने आपला उत्साह थोडा आवरला जावा, तोही सांगायला हवा. मुले त्या कार्यक्रमातून बाहेर पडल्यावर वर्षभराने ती वाढ सुमारे ०.१० इतकीच उरली होती. भाषा विषयात काही फरक पडला नाही. याच शहरातल्या शाळांत मागे पडलेल्या मुलांसाठी ‘बालसखी’ नावाचा उपक्रम चालू होता. वस्तीतल्याच एका शिकलेल्या मुलीने अशा मुलांना रोज काही वेळ बाजूला घेऊन वाचन आणि अंकगणित पक्के करून घ्यायचे, एवढेच त्याचे स्वरूप. त्याचा लाभ दुसऱ्या वर्षी ०.२८ इतका होता, म्हणजे संगणकापेक्षा कमी, परंतु दर मुलामागे वर्षाचा खर्च संगणकाला सुमारे १५ डॉलर आणि बालसखीला सव्वादोन डॉलर आला. वर्गणीचा पैसा मोजका असताना हे आकडे बाजूला सारता येणार नाहीत.

लिंडन यांनी पुढे गुजरातेतच, गरीब मुलांसाठी वर्ग चालवणाऱ्या ज्ञानशाला या संस्थेच्या वर्गांमध्ये जे पाहिले, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. २००८ साली मांडलेल्या त्या निष्कर्षांनुसार, शिक्षिकेचा शिकवण्याचा वेळ काढून घेऊन मुलांना संगणकापुढे बसवले तेव्हा त्यांची प्रगती ०.५७ प्रमाण विचलनाने घटली. तेच साहित्य शाळेच्या वेळेबाहेर, शिकवण्याच्या जोडीला दिले, तेव्हा ०.२८ इतकी वाढ झाली आणि तिचा लाभ मागे पडलेल्या मुलांना अधिक मिळाला. आपल्या संगणक कक्षाचा तास गणिताच्या किंवा मराठीच्या तासातून कापून घेतला जाणार असेल, तर बाईंचे चांगले शिकवणे घालवून आपण मुलांचे नुकसान करू, आणि तेही वर्गणी काढून.

परदेशातही असेच दिसले आहे. पेरू देशाने ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेखाली लाखो लॅपटॉप वाटले. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अभ्यासकांनी तेथील ३१९ ग्रामीण शाळा तपासून २०१२ साली निष्कर्ष काढला, की गणित आणि भाषेच्या गुणांवर या वाटपाचा परिणाम आढळत नाही.

आता वर्गात संगणक नेमका कसा उपयोगी पडतो, ते एका तासावरून सांगते. सातवीत त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज शिकवताना मी मुलांना आधी वहीत त्रिकोण काढून कोनमापकाने कोन मोजायला लावत असे. कुणाची बेरीज १७८ येई, कुणाची १८३. मुलांना वाटे की आपलेच मोजायचे चुकले. मग जिओजेब्रा या भूमितीच्या विनामूल्य संगणक प्रणालीवर एक त्रिकोण काढून त्याचा शिरोबिंदू माउसने ओढायचा. पडद्यावर तिन्ही कोन क्षणाक्षणाला बदलतात. एका मुलाने शिरोबिंदू ओढत ओढत त्रिकोण पार चपटा केला, तेव्हा एक कोन १८० च्या जवळ गेला आणि उरलेले दोन जवळजवळ नाहीसे झाले. वहीत असा त्रिकोण कुणीही काढला नसता. त्याच्या शेजारी बसलेल्या मुलीने पडद्यावरचे तीन आकडे वहीत उतरवून बेरीज केली, ती १८०.०१ आली, आणि तिने मला हाक मारून संगणक चुकतो आहे असे सांगितले. त्या एका शंकेवरून दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत आसन्न किंमत कशी घेतात, यावर उरलेला तास रंगला. बेरीज नेहमी १८० का येते, हे मात्र संगणकाने सांगितले नाही. त्यासाठी दुसऱ्या दिवशी फळ्यावर पायाला समांतर रेघ काढून व्युत्क्रम कोनांवरून सिद्धता करावीच लागली.

अशा तासासाठी तीसजणांच्या वर्गाला तीस यंत्रे लागत नाहीत. दोघांत एक यंत्र मला उलट जास्त चांगले वाटते, कारण मुले आपसात बोलतात, वाद घालतात. मात्र एक नियम काटेकोर पाळावा लागतो. ज्याच्या हातात माउस आहे त्याने दुसरा सांगेल तसेच करायचे, दुसऱ्याने वहीत नोंद ठेवायची, आणि अर्ध्या तासाने जागा बदलायच्या. हा नियम नसला की घरी संगणक असलेला मुलगा माउस सोडत नाही आणि नसलेली मुलगी वर्षभर नुसती पाहत राहते. वर्गाच्या निम्म्यांनी एका वेळी बसायचे ठरवले, तर आठ यंत्रांत एका वर्गाचे भागते.

मराठी टंकलेखनाकडे आपल्या शाळांनी मुळीच दुर्लक्ष करू नये, असा माझा आग्रह आहे. सध्या मुले रोमन अक्षरांत मराठी शब्द लिहितात आणि पडद्यावर देवनागरी आपोआप उमटते. याउलट इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कळफलकावर स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला असतात. त्यावर ‘ष्ट’ लिहायचा तर मुलाला ष, हलन्त, ट असा क्रम मनात मांडावा लागतो. जोडाक्षराची अशी फोड करता येणाऱ्या मुलाच्या शुद्धलेखनातही मला फरक दिसला आहे. बडोद्यासारख्या गावात, जिथे मराठी मूल रस्त्यावर गुजराती आणि पाठ्यपुस्तकाबाहेर बहुधा इंग्रजीच वाचते, तिथे हे आणखी मोलाचे आहे.

यंत्र कोणते आणि कोणत्या कंपनीचे, या चर्चेत फार वेळ घालवू नये. केंद्र सरकारने १९८४ साली ‘क्लास’ या शालेय संगणक-शिक्षणाच्या प्रकल्पाखाली देशातील सुमारे २५० शाळांना जे बीबीसी मायक्रो संगणक दिले, त्यांची स्मृती ३२ किलोबाइट होती. आपण घेऊ तीही यंत्रे काही वर्षांत जुनी होणार. म्हणून दुरुस्ती आणि बदलीसाठी वर्गणीतला निदान पाचवा भाग वेगळा काढून ठेवावा. मी पाहिलेल्या एका शाळेत देणगीचे संगणक केवळ बॅटरी बॅकअप बिघडल्यामुळे आच्छादनाखाली पडून राहिले, कारण तेवढ्याशा दुरुस्तीसाठी पैसे मागायचे कुणाकडे, हे मुख्याध्यापकांनाही कळेना.

आपल्या या नगरीला विचारपूर्वक काम करण्याची परंपरा आहे, हेही मला या निमित्ताने सांगावेसे वाटते. सयाजीराव महाराजांनी सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये प्रथम अमरेली तालुक्यात करून पाहिले आणि १९०६ मध्ये ते सबंध संस्थानाला लागू केले. ग्रंथालयांचे जाळे उभारताना त्यांनी अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बोर्डन यांना आणले, आणि पाठोपाठ १९११ साली येथे ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या जाऊ लागल्या, तेव्हा त्या पेट्यांमागे जाणकार माणसे होती.

एका माजी विद्यार्थ्याने मला विचारले, की बाई, आजूबाजूच्या इंग्रजी शाळांत प्रत्येक वर्गात मोठा पडदा आहे, आपण आठ यंत्रांवर थांबलो तर पालक आपल्याकडे मूल घालतील का. हा प्रश्न मला अजिबात क्षुल्लक वाटत नाही. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या ज्या घरांतून पूर्वी तीन पिढ्या एकाच मराठी शाळेत शिकल्या, त्या घरांतली मुले आज स्कूलबसने लांबच्या शाळेत जातात, आणि त्या आईवडिलांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण पालकांना काय दाखवायचे हे आपल्या हाती आहे. पालकसभेत बंद पडदा दाखवण्यापेक्षा सहावीतल्या मुलीने स्वतः स्क्रॅच या मुलांसाठीच्या सोप्या संगणकभाषेत केलेला पाढ्यांचा खेळ आईला खेळायला द्यावा, आणि तो कसा केला ते त्या मुलीनेच सांगावे. मूल काय शिकते आहे, हे पालकांना अशा वेळी बरोबर कळते.

तेव्हा येत्या बैठकीसाठी माझा प्रस्ताव असा आहे. पहिल्या वर्षी आठ संगणक घ्यावेत आणि ते फक्त सहावीसाठी वापरावेत. आठवड्याचा एक तास वेळापत्रकात आणि एक शाळा सुटल्यावर ठेवावा. वेळापत्रकातल्या तासाला विषयशिक्षिका वर्गात हजर असाव्यात आणि तेथे त्यांचाच धडा चालावा. वस्तीतल्याच एका पदवीधर मुलीला किंवा मुलाला मानधनावर नेमावे आणि शिक्षिकांबरोबरच उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांची तयारी करून घ्यावी. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा मार्चमध्ये मुलांची तीच चाचणी घ्यावी, आणि निकाल कसाही आला तरी तो सर्व वर्गणीदारांसमोर ठेवावा. सातवी-आठवीचा विचार त्यानंतर करावा. चाचणीची गणिताची प्रश्नपत्रिका मी तयार करून देईन. मराठीची तयार करण्यास आणि मानधनाच्या खर्चाचा वाटा उचलण्यास जे इच्छुक असतील, त्यांनी बैठकीपूर्वी मला तसे कळवावे.