गोचिडाची लस आणि बिलाचं त्रांगडं

नाशिकहून आई-बाबा म्युनिकला मुलाकडे निघाले, की घोळ ठरलेलाच! अहो, ट्रॅव्हल इन्शुरन्स आजारपणाचा असतो. गोचिडाच्या मेंदूज्वराची लस बहुधा स्वतःच्या खिशातून. तिथे खासगी बिलं दोन: लसीचं फार्मसीचं, टोचण्याचं डॉक्टरचं. डॉक्टरांच्या जर्मन दरपत्रकात टोचण्याचा क्रमांक ३७५, मूळ दराच्या नेहमीच्या २.३ पटीने १०.७२ युरो. सल्ल्याचे (क्रमांक १) पुन्हा तेवढेच. मग ‘एका सुईचे दोनदा पैसे?’ म्हणून फोन!

आणि जंगलात फिरायच्या आदल्या दिवशी एकच डोस घेऊन काय साधणार? दुसरा १ ते ३ महिन्यांनी, घाईत १४ दिवसांनी. तिसरा विसरतात तो विसरतातच. वर, गोचिडामुळेच होणाऱ्या लाइम या दुसऱ्या आजारावर ही लस चालतच नाही.