‘मुका मार आहे, बीपी नॉर्मल आहे, झोपू द्या’

दहीहंडीच्या सुमारास, रस्त्यांवर गाड्या घसरायच्या दिवसांत, एक मेसेज हमखास फिरतो: ‘मुका मार लागला आणि रक्त आलं नाही तर घाबरू नका. गरम तेलानं चोळा, शेका, हळदीचं दूध पाजा, दुखलं तर ॲस्पिरिन द्या. बीपी नॉर्मल असेल तर दवाखान्याची गरज नाही.’

रक्त आलं नाही? बाहेर आलं नाही, इतकंच. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त पाचेक लिटर असतं. मांडीचं हाड मोडलं तर त्यातलं लिटर-दीड लिटर मांडीतच साचू शकतं. पोटात त्याहून जास्त मावतं.

चोळण्यानं नुकती धरलेली गुठळी सुटते, शेकानं रक्तवाहिन्या रुंदावतात. ॲस्पिरिन तर गुठळी नीट धरू देत नाही. वॉरफरिन किंवा क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या) चालू असलेल्या आजोबांना साधं पडणंही महागात पडतं. हळदीच्या दुधाशी माझं वैर नाही, पण ऑपरेशनची वेळ आली तर पोट रिकामं लागतं.

सगळ्यात घातक वाक्य बीपीचं. रक्त कमी झालं की शरीर रक्तवाहिन्या आवळतं, नाडी वाढवतं आणि बीपी सांभाळून धरतं. सुमारे ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचा आकडा ठीक दिसू शकतो, धडधाकट पोरांमध्ये तर विशेषच. मग घसरतो तो एकदम. म्हणून आधी नाडी मोजा. शंभराच्या वर नाडी, गार हातपाय, दरदरून घाम, तहान, बेचैनी, कमी झालेली लघवी, यातलं काही दिसलं की निघा. बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारी बीपीची, हृदयाची गोळी) घेणाऱ्याची नाडी मात्र वाढेलच असं नाही. पहिलं हिमोग्लोबिनही फसवं असतं, रक्त गेलं तरी सुरुवातीला ते ठीक दिसू शकतं.

पोटरी दगडासारखी टणक, बोटं ताणली की असह्य कळ, मुंग्या: हा स्नायूंच्या कप्प्यात वाढलेला दाब. पायाची नाडी लागली तरी थांबू नका. काही तासांत स्नायू मरतात.

१०८ ला फोन करा, माणसाला आडवं ठेवा, पांघरूण घाला, तोंडानं काही देऊ नका. दवाखान्यात सोनोग्राफी होईल, गरजेनुसार रक्त चढेल, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव रोखणारं औषध दिलं जाईल. २०१० च्या ‘क्रॅश-२’ चाचणीत, वीस हजारांवर जखमींमध्ये, त्यानं मृत्यू घटले. मात्र मार लागल्यापासून ३ तासांच्या आत दिलं तरच फायदा, नंतर उलट अपायच. म्हणून मार नेमका किती वाजता लागला आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे डॉक्टरांना आधी सांगा.